इंजिन सुरू होतंय, एवढ्यावर गंजकी मस्टँग घेऊ नका

अमेरिकेतल्या आपल्या गाडीवेड्या मंडळींत एक सल्ला सारखा फिरतो. पहिली मसल कार (साठ-सत्तरच्या दशकातली दणकट इंजिनाची अमेरिकन गाडी) मिळेल ती स्वस्तातली उचला. इंजिन सुरू होतंय एवढं बघा आणि चालवत घरी आणा. गंजलेला पत्रा बदलता येतो. सुटे भाग सगळे मिळतात. तयार झाली की दामदुप्पट. हाच सल्ला ऐकून मी मिशिगनमध्ये १९६६ची फोर्ड मस्टँग घेतली. म्हणून त्यातलं एकेक वाक्य खोडायचंय.

व्ही-८ इंजिन हा या गाड्यांतला सगळ्यात सरळ हिशेबाचा भाग. फोर्डचं २८९ असो की शेव्हीचं, म्हणजे शेव्हरोलेचं ३५० (आकडे इंजिनाच्या घन इंचांचे), पिस्टन, बेअरिंग, गॅस्केट सगळं नवं मिळतं. इंजिन उचलून बाहेर काढता येतं, खर्चाचा अंदाजही आधी मिळतो. गंजाचा अंदाज पत्रा उघडल्याशिवाय कुणालाच देता येत नाही.

मस्टँगला वेगळी चॅसिस नाही, बॉडी हाच सांगाडा. फ्लोअर आणि टॉर्क बॉक्स (फ्लोअरच्या कोपऱ्यांतले मजबुतीचे पत्र्याचे खोके) कुजले की गाडीचा कणा गेला. त्यातली सगळ्यात वाईट जागा तर दिसतच नाही. समोरच्या काचेखाली जाळी असते, तो काउल. वेल्ड केलेले दोन पत्रे आणि मधे हवेसाठी पोकळी. तिथे पाला-माती साचते, आतली कड सडते आणि पावसाचं पाणी थेट पायाशी उतरतं. माझ्या गाडीतलं नवंकोरं कार्पेट बघून मी खूश झालो होतो. त्याखाली पत्र्याच्या जागी फायबरग्लास आणि पुट्टी निघाली. काउल बदलायला फेंडर (पुढच्या चाकांवरचे पत्रे) उतरवले, काच काढली, स्पॉट वेल्ड एकेक करून ड्रिलने सोडवले. अख्खा हिवाळा त्यात गेला.

गाडी बघायला जाताना लोहचुंबक, टॉर्च आणि पाण्याचा कॅन न्या. मालकाला विचारून कार्पेट उचला, जाळीवर पाणी ओता आणि डॅशबोर्डखाली डोकं घालून बघा. चुंबक चिकटत नाही तिथे पुट्टी आहे. आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पडतं. त्यामुळे उन्हाने रंग उडालेली, बंद पडलेली ॲरिझोनाची गाडी मी आधी घेईन, ट्रकचं भाडं धरूनसुद्धा.

चालवत घरी आणणं तर जिवावर बेतणारं. १९६६पर्यंतच्या मस्टँगला ब्रेकचं एकच सर्किट असतं. एक जुना होज फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात. ट्रेलरवर आणा आणि पहिलं काम ब्रेकचं करा.

सुटे भाग मिळतात हे मस्टँग, कॅमारोसारख्या लोकप्रिय गाड्यांपुरतं खरं आहे. १९६७च्या मस्टँग फास्टबॅकची अख्खी बॉडीसुद्धा नवी मिळते. पण १९७०च्या एएमसी रेबेल मशीनची ट्रिम (बाहेरच्या शोभेच्या पट्ट्या) हरवलेली असेल तर शोधत बसावं लागतं. अर्धवट गाडी घेताना जे नाही त्याची यादी आधी करा.

राहिलं दामदुप्पट. नुसती रंगकाम आणि क्रोमची बिलंच नफा खातात. त्यात किंमत ठरते ती गाडी अस्सल आहे का यावर. १९६६ ते १९७१च्या पॉन्टिॲक जीटीओचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) २४२ने सुरू होतो, तिथे खात्री करता येते. १९६९च्या शेव्हरोले शेव्हेलवर मात्र एसएस (सुपर स्पोर्ट) हे वरून घ्यायचं पॅकेज होतं, व्हीआयएनमध्ये त्याची खूण नाही आणि बिल्ले कुणीही लावतं. बिल्ड शीटसारखा (कारखान्यात गाडीवर काय बसवायचं याची यादी) मूळ कागद नसेल, तर ती साधी शेव्हेल समजूनच पैसे द्या.