आईला घेऊन बँकॉकला जावं का? जावंच.

परवा एका मैत्रिणीचा मेसेज आला. "बँकॉकचं तिकीट स्वस्त मिळतंय गं. आईबाबांना नेऊ का? पण घरात सांगितलं तर सगळे हसायलाच लागले."

मला या हसण्याची मनापासून चीड आहे. साठी-सत्तरीच्या माणसांनी आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढलाय, मुलगी हौसेनं नेतेय, आणि आपण 'बँकॉक' म्हटलं की डोळे मिचकावायचे! त्या शहरात जे बदनाम आहे ते मोजक्या गल्ल्यांमध्ये आहे. तिकडे गेलं नाही तर त्याचा वाराही लागत नाही. बाकीचं अफाट शहर देवळांचं आहे, नदीचं आहे, रस्त्यावर बसून जेवणाऱ्या कुटुंबांचं आहे. म्हणून मैत्रिणीला फोनवर जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितेय.

मी पहिल्यांदा गेले २०१७ साली, एका ग्रुप टूरबरोबर. चार रात्री. त्यातल्या दोन पटायात आणि उरलेल्या दोन बसमध्ये काढल्यासारख्याच. एक अख्खी सकाळ दागिन्यांच्या भल्यामोठ्या दुकानात नेऊन बसवलं. बाहेर पडायचं दार कुठे आहे तेही कुणी धड सांगेना. शहर पाहिलं ते काचेतून, ट्रॅफिकमध्ये अडकून. परत येताना वाटलं, एवढा खर्च करून आपण आलो कुठे होतो?

दुसऱ्यांदा गेले ऑक्टोबर २०२४ मध्ये, आईला घेऊन. फक्त बँकॉक, सहा रात्री. आई तेव्हा एकोणसत्तरची. मिरजेच्या शाळेत तीस वर्षं मराठी आणि संस्कृत शिकवलेली, पक्की शाकाहारी, गुडघे कुरकुरणारे. आणि ऐन नवरात्र, म्हणजे कांदा-लसूण बंद.

आधी कागदपत्रं उरकून टाकते. आम्हाला व्हिसा काढावा लागला नव्हता, पण व्हिसा लागतो का आणि किती दिवसांची मुभा आहे हे मधूनमधून बदलतं. तिकीट काढण्यापूर्वी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर बघा, व्हॉट्सॲपवरच्या फॉरवर्डवर नको. १ मे २०२५ पासून 'डिजिटल अरायव्हल कार्ड' ऑनलाइन भरावं लागतं, पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत. ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही, लगेच बंद करा. आणि विमानतळ दोन आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग, शहराच्या दोन वेगळ्या बाजूंना. तुमचं विमान कुठे उतरतंय आणि कुठून सुटतंय, हे तिकिटावर नीट वाचा.

आता हॉटेल. माझं सगळ्यात ठाम मत इथे आहे. हॉटेल स्वस्त आहे का, पोहण्याचा तलाव आहे का, हे नंतर बघा. आधी बघा की रेल्वेचं स्थानक पायी किती मिनिटांवर आहे. बँकॉकचा रस्ता संध्याकाळी पाचनंतर असा तुंबतो की दोन किलोमीटरला पाऊण तास सहज जातो. पण डोक्यावरून धावणारी स्कायट्रेन आहे (१९९९ पासून) आणि जमिनीखालची मेट्रो आहे (२००४ पासून). या दोघींच्या आधारानं राहिलात तर ट्रॅफिक तुम्हाला शिवत नाही. पत्ता वाचताना एक खुबी लक्षात ठेवा. गल्लीला तिथे 'सोई' म्हणतात. विषम आकड्यांच्या सोई रस्त्याच्या एका बाजूला, सम आकड्यांच्या दुसऱ्या. आणि ते आकडे समोरासमोर जुळतीलच असं नाही. शिवाय एकेक सोई लांबच लांब असते. 'सोईच्या तोंडाशी' आणि 'सोईच्या आत' यात म्हाताऱ्या गुडघ्यांना फार फरक पडतो.

आम्ही राहिलो फया थाई स्थानकाजवळ. सुवर्णभूमी विमानतळाच्या तळघरातून रेल लिंक नावाची गाडी थेट तिथे येते, ४५ बाथ, साधारण अर्धा तास. (एक बाथ म्हणजे अडीच ते तीन रुपये धरा.) टॅक्सीही वाईट नाही. पण मीटर लावूनच जा. विमानतळावरून ५० बाथ जादा आणि टोल वेगळा, हे रीतसर आहे, त्यावरून वाद घालू नका. मीटरला नाही म्हणाला तर सरळ पुढची टॅक्सी बघा किंवा ग्रॅब (आपल्या ओला-उबरसारखं ॲप) मागवा.

तिकिटांचा एक गोंधळ नवख्यांना हमखास छळतो. स्कायट्रेन आणि मेट्रो या दोन वेगळ्या कंपन्या. मेट्रोच्या फाटकाला परदेशी व्यवहार सुरू असलेलं आपलं टॅपचं बँक कार्ड चालतं. स्कायट्रेनसाठी मी 'रॅबिट कार्ड' घेतलं, खिडकीवर पासपोर्ट दाखवून. माणशी एक कार्ड. एकाच कार्डावर दोघींना आत जाता येत नाही. एटीएममधून मात्र उठसूट पैसे काढू नका. परदेशी कार्डावर दर वेळी दोनशेवर बाथ कापले जातात, मग तुम्ही हजार काढा की दहा हजार.

पहिल्या सकाळी आम्ही नदीकडे निघालो आणि आईनं स्थानकांच्या पाट्या वाचायला सुरुवात केली. थाई लोक उच्चार वेगळा करतात, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं नाव संस्कृतच्या बाईंपासून लपत नाही. 'राचथेवी' आलं, आई म्हणाली, "अगं, राजदेवी!" सयामला गाडी बदलली. मग 'राचदामरी', त्यातला राज तिला लगेच सापडला. पुढे 'साला डेंग'. साला म्हणजे शाला. 'सुरासाक' म्हणजे सुरशक्ती. उलट्या दिशेला विजयस्तंभाचं स्थानक आहे, त्याच्या थाई नावात 'चाय समोरफूम' येतं, जयसमरभूमी. आणि या शहराचं थाई नावही बँकॉक नाहीच, क्रुंग थेप महानखोन आहे. पूर्ण औपचारिक नाव तर जगातल्या सर्वात लांब नावांपैकी एक. महानगर, अमर, रत्न, अयोध्या, नवरत्न, राजधानी, विष्णुकर्मा असे सगळे शब्द त्यात ओळीनं आहेत. मी पहिल्या खेपेला इथे येऊन गेले होते आणि यातलं एक अक्षर मला कुणी सांगितलं नव्हतं. तुमच्या आईवडिलांना हे आधीच सांगा. परक्या देशात आल्याची भीती निम्मी तिथेच सरते.

सफान ताक्सिन स्थानकाला उतरलं की खालीच साथोर्नचा धक्का आहे. तिथे खासगी बोटींचे एजंट फलक घेऊन उभे असतात, हजार-दीड हजार सांगतात. त्यांना नम्रपणे नाही म्हणा आणि नारिंगी झेंड्याची बोट विचारा. ती गावातल्या माणसांची रोजची बोट आहे, भाडं विसेक बाथ. चाओ फ्रया नदीवरून त्या बोटीतून जाणं हा मला बँकॉकमधला सर्वात सुंदर प्रवास वाटतो. वारा लागतो, गुडघ्यांना आराम मिळतो, आणि 'वाट अरुण' या देवळाचा कळस हळूहळू जवळ येतो. ('वाट' म्हणजे बौद्ध देऊळ.) अरुण म्हणजे आपलाच अरुण, सूर्याचा सारथी. समोरच्या था तियेन धक्क्यावरून पाचेक बाथमध्ये नाव पलीकडे सोडते. वाट फो अलीकडच्याच तीरावर आहे, तिथला पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब. आई त्याच्या पायाशी बराच वेळ थांबली. तळव्यांवर शिंपल्यांच्या नक्षीत मंगलचिन्हं कोरलेली आहेत.

राजवाड्याबद्दल, म्हणजे 'ग्रँड पॅलेस'बद्दल, मात्र जरा थांबून सांगते, कारण तिथे मी स्वतः फसले होते. २०१७ साली मोकळ्या वेळात मी एकटी तिकडे गेले. भिंतीच्या कडेनं चालत असताना एक नीटनेटके कपडे घातलेला गृहस्थ भेटला. म्हणाला, आज बौद्ध सण आहे, राजवाडा दुपारपर्यंत बंद, तोवर या टुकटुकमधून वीस बाथमध्ये दुसरी देवळं पाहून या. एक देऊळ झालं आणि टुकटुक थांबली ती रत्नांच्या दुकानासमोर. मी काही घेतलं नाही, पण परत येईपर्यंत राजवाडा खरोखरच बंद झाला होता. ही तिथली फार जुनी फसवणूक आहे आणि आजही चालते. राजवाडा साधारण रोज उघडा असतो, सकाळी साडेआठ ते दुपारी साडेतीन. रस्त्यावर कुणीही काहीही सांगो, मुख्य दारापर्यंत स्वतःच्या पायानं जा आणि तिथल्या गणवेशातल्या माणसालाच विचारा. परदेशी माणसाला तिकीट ५०० बाथ. बिनबाह्यांचे कपडे, हाफ पँट, फाटकी जीन्स चालत नाही. आई सुती साडीत होती, तिला कुणी अडवलं नाही.

आणि आत गेल्यावर पन्ना बुद्धाच्या, म्हणजे तिथल्या प्रसिद्ध हिरव्या बुद्धमूर्तीच्या, दर्शनाची घाई करून बाहेर पडू नका. त्या आवाराच्या ओवऱ्यांमध्ये भिंतभर रामायण रंगवलेलं आहे, १७८ चित्रं. त्यांचं 'रामकियेन'. त्यांचा रावण म्हणजे तोत्सकान, दशकंठ. त्याची मुलगी सुवर्णमत्स्या समुद्रात सेतूचे दगड पळवत असते, हनुमान तिला पकडायला जातो आणि तिच्या प्रेमात पडतो. आई त्या चित्रापाशी अवाक झाली. आपल्याकडे ब्रह्मचारी मारुती! मग बाकावर बसून म्हणाली, "गोष्ट एवढ्या लांब चालत आली, वाटेत बदलणारच." आम्ही तिथे दोन तास होतो. टूरबरोबर असते तर वीस मिनिटं मिळाली असती.

ऊन आणि पाऊस हलक्यात घेऊ नका. आमचा नियम साधा होता: आठला बाहेर, बारा ते साडेतीन खोलीत किंवा मॉलमध्ये, मग परत बाहेर. ऑक्टोबरात दुपारनंतर धो धो पाऊस येतो, तासाभरात थांबतो. छत्री हवीच. आणि एक शालही, कारण गाड्यांमध्ये आणि मॉलमध्ये एसी बोचरा असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा सगळ्यात बरी. वयस्कर माणसांना एप्रिलमध्ये नेऊ नका.

जेवणाची सगळ्यांनाच धास्ती असते. घरून थेपले-चकल्या न्या, पण सहा दिवस त्यावर काढू नका. दोन शब्द पाठ करा. पहिला 'मांगसविरत'. ऐकलंत? मांसविरत! याचा अर्थ शाकाहारी, पण त्यात अंडं असू शकतं. दुसरा 'जे', एकदम कडक: मांस, मासे, अंडी, दूध तर नाहीच, पण कांदा-लसूणही नाही. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरांत 'เจ' असं लिहिलेलं दिसलं की निर्धास्त बसा. चिनी पंचांगाप्रमाणे दर वर्षी नऊ दिवसांचा शाकाहाराचा उत्सव असतो आणि २०२४ साली तो नेमका आपल्या नवरात्राबरोबर आला. चायनाटाऊनमधल्या 'याओवरात' नावाच्या रस्त्यावर ओळीनं पिवळे झेंडे लागले होते. आईनं आयुष्यात पहिल्यांदा रस्त्यावर उभं राहून चार-चार पदार्थ खाल्ले, एकही प्रश्न न विचारता. एरवी मात्र विचारावं लागतं. नुसत्या भाज्या दिसल्या तरी त्यात 'नाम प्ला', म्हणजे मासळीचं पातळ सॉस, असतंच. कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत सुकट असते. 'माय साय नाम प्ला' म्हणजे ते घालू नका. बाईनं बोलताना वाक्याच्या शेवटी 'खा' लावायचं, पुरुषानं 'खप', म्हणजे ऐकणाऱ्याचा चेहरा लगेच खुलतो.

वागण्याबद्दलही थोडं. तिथे आवाज चढवणं फार वाईट समजतात. आपल्या सवयीनं आपण सहज मोठ्यानं बोलतो, गाडीत सगळे वळून बघतात. आईला लहान मूल दिसलं की डोक्यावरून हात फिरवायची सवय, ती मी आधीच सांगून थांबवली, कारण तिथे परक्यानं डोक्याला हात लावू नये. भिक्खूंना बाईचा स्पर्श होता कामा नये. राजघराण्याबद्दल चेष्टेतही काही बोलू नका, कायदा कडक आहे. ई-सिगारेट नेऊ नका, तिथे बंदी आहे. आणि सकाळी आठ, संध्याकाळी सहाला स्थानकात राष्ट्रगीत लागतं. सगळी गर्दी जिथल्या तिथे थांबते. तुम्हीही थांबा. आई पिशवी खाली ठेवून सरळ उभी राहिली, शाळेत राहायची तशी.

दसऱ्याच्या रात्री आम्ही सीलोम रस्त्यावरच्या मारीअम्मन देवळाकडे गेलो. तमिळ मंडळींनी बांधलेलं हे देऊळ. विजयादशमीला देवीची मिरवणूक निघते आणि तिला गर्दी करतात ती मुख्यतः थाई माणसं. रस्त्याच्या कडेला घरोघरच्यांनी टेबलं मांडून देव बसवले होते, गणपती तर जागोजागी, त्याला ते 'फ्रा फिकनेत' म्हणतात, विघ्नेश. झेंडूच्या राशी, नारळ, उदबत्त्या. आईचे पाय दुखायला लागले होते. शेजारच्या टेबलामागच्या थाई बाईनं ते पाहिलं, स्वतःचं प्लास्टिकचं स्टूल काढून तिला दिलं आणि स्वतः फुटपाथवर बसली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आईनं तिच्या गणपतीला हात जोडले, तिनं झेंडूचा हार आईच्या हातात दिला. देवी यायला अकरा वाजले. तोवर दोघी तशाच शेजारी बसून होत्या.

मैत्रिणीनं तिकिटं काढली आहेत. हॉटेल कुठलं घेऊ म्हणून विचारत होती, मी म्हटलं, नकाशा पाठव, आधी स्थानक बघू.