‘मानधन वाढलं, गोल आटले’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

नॉर्वेच्या महिला फुटबॉल संघावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही भलीमोठी प्रतिक्रिया लिहिलीत. नाव दिलं नाहीत, पण मुद्दे नेमके आहेत आणि दोन ओळींत उरकण्यासारखे नाहीत. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. २०१७ मध्ये पुरुषांइतकं मानधन देऊन नॉर्वेने कमावलं काय, तर पाच वर्षांत इंग्लंडकडून ८-० असा मार खाल्ला. नव्वदच्या दशकातली त्यांची विजेतेपदं म्हणजे रिकाम्या मैदानात धावून काढलेला पहिला नंबर. संघाची स्टार आघाडीपटू आदा हेगरबर्ग पैशांसाठी रुसून संघ सोडून गेली, आणि तिच्यावाचून काही अडलं नाही. २०१९च्या विश्वचषकात संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेलाच. शिवाय सिडनीचं ऑलिंपिक सुवर्ण हाताला लागलेल्या चेंडूवर मिळालं. या सगळ्याचं सार तुम्ही चार शब्दांत सांगितलंत, ‘मानधन वाढलं, गोल आटले’. वाक्य झकास आहे, म्हणून शीर्षकाला उचललं. पटलेलं मात्र नाही.

आधी तो ८-० घेऊ. ११ जुलै २०२२, ब्रायटन, युरो, म्हणजे युरोपातल्या देशांच्या अजिंक्यपद स्पर्धेतला, साखळी सामना. बाराव्या मिनिटाला पेनल्टीवर इंग्लंडचा पहिला गोल झाला आणि मध्यंतराला ६-०. इंग्लंडच्या बेथ मीडची हॅट्ट्रिक. नॉर्वेची बचावफळी त्या रात्री इतकी विस्कटली होती की मधल्या फळीकडून चेंडू मागे आला की पुढे काय होणार ते प्रेक्षकांना आधी कळत होतं. चार दिवसांनी ऑस्ट्रियाकडून १-० हरून संघ बाहेर पडला आणि प्रशिक्षक मार्टिन शोग्रेन यांनी पद सोडलं. यात सारवासारव करण्यासारखं काही नाही.

पण याच दोन देशांचा आणखी एक सामना आहे. ४ जून २०००, नॉर्वेतलं मॉस हे छोटं शहर, युरोची पात्रता फेरी. निकाल ८-०, आणि जिंकलं नॉर्वे. बावीस वर्षांत आकडा तोच राहिला, बाजू बदलल्या. मधल्या काळात नेमकं कोण बदललं, हे बघायला हवं. इंग्लंडच्या फुटबॉल महासंघाने १९२१ मध्ये बायकांच्या सामन्यांना आपल्या क्लबांची मैदानं बंद केली आणि ती बंदी जवळजवळ अर्धं शतक टिकली. बंदी उठल्यावरही महिला फुटबॉलचा गाडा एक वेगळी, कायम पैशांची चणचण असलेली संघटना ओढत होती. महासंघाने कारभार आपल्या हाती घेतला तो थेट १९९३ मध्ये. नॉर्वेत मात्र महासंघाने १९७६ मध्येच महिला फुटबॉलला आपल्या छत्राखाली घेतलं आणि १९७८ मध्ये राष्ट्रीय संघ मैदानात उतरवला. मॉसमधले आठ गोल हे त्या फरकाचे होते. पुढे इंग्लंडमध्ये मोठ्या क्लबांचा पैसा आला, २०१८ पासून तिथली सर्वोच्च महिला लीग पूर्ण व्यावसायिक झाली. ब्रायटनचे आठ गोल त्या पैशाचे आहेत. नॉर्वेच्या मानधनाचा त्यात कुठे संबंध येतो, ते मला तरी दिसत नाही.

तो करार प्रत्यक्षात किती रकमेचा होता, हेही सांगायला हवं, कारण ‘समान मानधन’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कोटीच्या कोटी उड्डाणं येतात. देशासाठी खेळणाऱ्या महिलांसाठी ठेवलेली एकूण रक्कम ३१ लाख क्रोनरवरून (क्रोनर हे नॉर्वेचं चलन) ६० लाख क्रोनर झाली. पुरुषांचीही तेवढीच. त्यासाठी पुरुष खेळाडूंनी आपल्या जाहिरात-प्रायोजकत्वाच्या हिश्शातले साडेपाच लाख क्रोनर सोडले. ६० लाख क्रोनर म्हणजे तेव्हाच्या दराने पाच कोटी रुपयांच्या आतबाहेर, तेही अख्ख्या संघात मिळून. तेवीस जणींत वाटून बघा. नॉर्वेतल्या महागाईत एवढ्यावर कुणी ऐषारामात लोळेल, असं वाटत नाही. परदेशातल्या बड्या क्लबांत खेळणाऱ्या दोन-चार जणींना याने फार फरक पडणार नव्हता. फरक पडणार होता तो देशातल्या लीगमध्ये शिक्षण किंवा अर्धवेळ नोकरी सांभाळून खेळणाऱ्या मुलींना.

आणि हा करार गोल विकत घेण्यासाठी केलेलाच नव्हता. नाहीतर पुरुषांचं काय करायचं? त्यांचा संघ १९९८ नंतर तब्बल सहा विश्वचषकांना मुकला आणि थेट २०२६ साठी पात्र ठरला. त्या सगळ्या वर्षांत ‘यांना मानधन कशाला’ असं कुणी विचारल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. महिलांनी मात्र प्रत्येक क्रोनरचा हिशोब गोलांत द्यायचा, अशी अट तुमच्या वाक्यात गुपचूप शिरली आहे. तुमचा हेतू तसा नसेलही.

हेगरबर्गबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते तुमच्यासारखे बरेच जण मानतात. गंमत म्हणजे तिचं कौतुक करणारेही तेच मानतात. तिने समान वेतनासाठी लढा दिला, अशा पोस्टी आजही फिरत असतात. तारखांकडे बघा. नेदरलँड्समधल्या युरो २०१७ मध्ये नॉर्वे तिन्ही सामने हरलं आणि एकही गोल करू शकलं नाही. त्यानंतर ऑगस्टअखेरीस तिने राष्ट्रीय संघ सोडला. समान मानधनाचा करार जाहीर झाला ऑक्टोबरमध्ये. पैसा हेच दुखणं असतं तर ती नोव्हेंबरात परतली असती. ती साडेचार वर्षं आली नाही. आपला प्रश्न पैशांचा नाही, हे तिने वारंवार सांगितलं होतं. तक्रार होती ती राष्ट्रीय संघाची तयारी कशी चालते, मुलींच्या संघाकडे महासंघ कितपत गांभीर्याने बघतो, याबद्दल. ती खेळत होती त्या ल्योंसारख्या फ्रेंच क्लबात जे रोज मिळतं ते देशाच्या शिबिरात का मिळू नये, असा तो सवाल होता. ही गोष्ट मोजता येत नाही, फोटोत दिसत नाही, म्हणून बातमीत टिकली नाही. वेतनाची बातमी सोपी होती.

२०१९ बद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. तिच्याशिवाय त्या संघाने नीसमध्ये ऑस्ट्रेलियाला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवलं आणि मग उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडकडून ३-० हरला. २०२२ मध्ये ती परतली, कोसोव्होविरुद्ध हॅट्ट्रिकही केली, आणि तीनच महिन्यांनी ब्रायटन घडलं. आता हेच उलट बाजूने वाचा. जगातल्या पहिल्या महिला बॅलन डी’ऑरची, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराची, मानकरी, तिच्या जोडीला बार्सिलोनाची कॅरोलिन ग्रॅहम हॅन्सन आणि चेल्सीची गुरो राइटन. अशी आघाडीची फळी असताना संघ कोसळतो, म्हणजे खोट खेळाडूंच्या ऐवजी आणखी कुठेतरी आहे. हेगरबर्ग २०१७ मध्ये हेच तर सांगत होती. तिच्या परतण्यामागे लीसे क्लावेनेस यांचा वाटा मोठा. त्या स्वतः राष्ट्रीय संघातून खेळलेल्या, पेशाने वकील, आणि मार्च २०२२ मध्ये नॉर्वे महासंघाच्या पहिल्या महिला अध्यक्ष झालेल्या. त्यांच्या निवडीनंतर काही आठवड्यांतच हेगरबर्गचं पुनरागमन जाहीर झालं.

जाता जाता एक गोष्ट. ब्रायटनला सगळ्यात जास्त टीका झेललेली बचावपटू मारिया थोरिस्डोटिर हिचे वडील थोरिर हेरगेरसन हे नॉर्वेच्या महिला हँडबॉल संघाचे प्रशिक्षक होते. त्यांच्या काळात त्या संघाने २०१२ आणि २०२४ अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवली. देश तोच, वाढ तीच, मुलींना खेळायला मिळणाऱ्या सोयी त्याच. तुमच्या वाक्यामागे दडलेल्या ‘सुखसोयींनी खेळाडू सुस्तावतात’ या सिद्धान्ताला हे घरातलंच उदाहरण आडवं येतं.

आता ‘रिकामं मैदान’. १९९५च्या विश्वचषकात बाराच संघ होते आणि साखळीत नॉर्वेने नायजेरियाला ८-०, कॅनडाला ७-० हरवलं. असे सामने ‘स्पर्धा’ म्हणून मिरवू नयेत, इतपत कबूल. पण त्याच साखळीत इंग्लंड होतं, २-० हरलं. उपांत्य फेरीत गतविजेती अमेरिका होती. नॉर्वेच्या आन क्रिस्टिन आरोनेसच्या एकमेव गोलाने ती हरली. स्वीडनमधल्या रोसुंडा मैदानावरच्या अंतिम सामन्यात जर्मनी होती, जी त्याच वर्षी युरोपची विजेती झाली होती. हेगे रीसे आणि मारियाने पेटरसन यांनी गोल केले, २-०. पूर्ण स्पर्धेत २३ गोल केले, एकच खाल्ला. प्रशिक्षक इवेन पेलेरूड यांच्या त्या संघाचा खेळ देखणा नव्हता, लांब चेंडू आणि धडका. मला स्वतःला तो बघायला फारसा आवडत नाही. पण समोर कुणी नव्हतं, हे काही खरं नाही.

आणि मैदान रिकामं होतं तर ते भरायला सांगितलं कुणी? १९८६ मध्ये मेक्सिको सिटीत फिफाच्या अधिवेशनात नॉर्वेच्या एलेन विले व्यासपीठावर गेल्या आणि महिलांचा विश्वचषक हवा, ऑलिंपिकमध्ये प्रवेश हवा, अशी मागणी करून आल्या. दोन वर्षांनी चीनमध्ये चाचणी म्हणून निमंत्रितांची स्पर्धा झाली, ती नॉर्वेने जिंकली. १९९१ मध्ये पहिला विश्वचषक झाला, त्याच्या अंतिम फेरीत नॉर्वे अमेरिकेकडून २-१ हरलं. दार उघडायला लावणाऱ्यांनाच ‘तुम्ही आत पहिले होतात’ म्हणून टोमणा मारणं मला अन्यायाचं वाटतं. आज त्याच दारातून स्पेन आणि इंग्लंड पुढे निघून गेले आहेत. २०२३च्या विश्वचषकात नॉर्वे सोळा संघांच्या फेरीत जपानकडून हरलं. २०२५च्या युरोत जेमा ग्रेंजर यांच्या हाताखाली गटातले तिन्ही सामने जिंकलं आणि मग जिनिव्हात इटलीकडून २-१ हरलं. हेगरबर्गने पेनल्टी दवडली, नंतर बरोबरीचा गोलही तिनेच केला, आणि नव्वदाव्या मिनिटाला इटलीच्या जिरेल्लीने खेळ संपवला. घसरण आहेच. ती नाकारायला मी बसलेली नाही.

राहता राहिलं सिडनी. होय, २००० मध्ये अमेरिकेविरुद्धच्या अंतिम सामन्यात १०२व्या मिनिटाला डाग्नी मेल्ग्रेनने जो सुवर्णगोल केला (जादा वेळेत पहिला गोल करणारा संघ तिथेच जिंकतो, असा तेव्हाचा नियम), त्याआधी चेंडू तिच्या हाताला लागला होता. चित्रफितीत दिसतं. तेव्हा व्हीएआर, म्हणजे चित्रफीत बघून निर्णय तपासण्याची सोय, नव्हती, पंचांनी शिट्टी वाजवली नाही, ३-२. पण तोवर नॉर्वे २-१ पुढे होतं आणि टिफनी मिलब्रेटने अमेरिकेची बरोबरी साधली ती भरपाई वेळेत. साखळीत याच अमेरिकेकडून २-० हरून, मग चीनला आणि जर्मनीला हरवून नॉर्वे तिथवर आलं होतं. नशिबाचंच उदाहरण हवं असेल तर मेल्ग्रेनचा हात सोडा, उपांत्य सामना काढून बघा. नॉर्वे १-० जिंकलं, आणि तो एकमेव गोल जर्मनीने स्वतःच्याच जाळ्यात मारला होता. हा मुद्दा तुमच्या प्रतिक्रियेतून कसा सुटला, याचंच मला नवल वाटलं.