जीआय पाइप, ग्लासभर दूध आणि टीएमटीचा कोयता

'घरच्या घरी लोहारकी : जुन्या लोहारांची गुपितं' या नावाचा फॉरवर्ड सध्या ग्रुपाग्रुपावर फिरतोय. घमेल्याची भट्टी मांडून बसलेल्या माझ्या भाच्यानेही तो पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, हवेचा पाइप जीआयचाच घेऊ ना?" म्हणून हे लिहावं लागतंय. फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं : जीआय (म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप भट्टीत बिनधास्त वापरा, वरचं जस्त जळून जातं, धूर लागलाच तर ग्लासभर दूध आणि गुळाचा खडा. टीएमटी (बांधकामाची) सळई सगळ्यात मजबूत, कोयता तिचाच करा. ट्रकचा पाटा (स्प्रिंगची पट्टी) लालभडक करून थंड पाण्यात बुडवा. तोच पाटा हजार वेळा दुमडला की नक्षीदार पात्यांसाठी गाजलेलं दमास्कसचं पोलाद तयार. भट्टीचा तळ सिमेंटने लिंपा. आणि लाली गेली की लोखंड हातात घ्यायला हरकत नाही.

दूध-गुळापासूनच सुरुवात करू. बाकीच्या चुकांत पाटा वाया जाईल, भाजेल, लागेल; इथे माणूस जाऊ शकतो.

जस्त 420 अंशांच्या आसपास वितळतं आणि 907 अंशांना उकळतं. ब्लोअर लावलेली कोळशाची भट्टी 1200च्या वर सहज जाते. म्हणजे जस्त 'जळून जातं' हे खरं, पण जातं कुठे? वाफ होऊन हवेत, तिथे ऑक्साइड होऊन तुमच्या छातीत. ज्वाळेला हिरवट-निळी झाक आली, पाइपवर गरम असताना पिवळट आणि निवल्यावर पांढरी पडणारी पूड दिसली, कापसाच्या तंतूंसारखं काही हवेत तरंगायला लागलं, की जस्त पेटलंय हे ओळखावं आणि तिथून बाजूला व्हावं.

प्रमाणाचा हिशेब कुणी करत नाही म्हणून करून दाखवतो. मुलामा 50 मायक्रॉनचा धरला, तर एक इंची पाइपच्या फूटभर तुकड्यावर आतबाहेर मिळून वीसेक ग्रॅम जस्त असतं. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत या धुराची मर्यादा घनमीटर हवेत 5 मिलिग्रॅम, तीही आठ तासांची सरासरी. दहा बाय बाराच्या, दहा फूट उंचीच्या खोलीत हवा असते साधारण 34 घनमीटर. त्या तुकड्यावरच्या जस्ताचा शंभरावा हिस्सा जरी खोलीत कोंडला, तरी ती पातळी ओलांडली. आणि हा एकच तुकडा झाला.

त्रास लगेच होत नाही, हीच यातली लबाडी. तोंडाला गोडसर-धातूसारखी चव येते, माणूस काम संपवून घरी जातो. चार ते बारा तासांनी थंडी वाजून ताप, अंगदुखी, कोरडा खोकला. पावसाळ्यात हे मलेरिया समजून अंगावर काढलं जातं. बहुतेकांना एक-दोन दिवसांत उतार पडतो, आणि 'दूध प्यायलो म्हणून बरा झालो' ही समजूत इथेच जन्माला येते. दूध प्यायलं नसतं तरी तेवढ्याच वेळात उतार पडला असता. दूध पोटात जातं, धूर फुप्फुसात गेलेला असतो. जास्त धूर गेला तर फुप्फुसांना सूज येते, न्यूमोनिया होतो. अमेरिकेतला एक जाणता लोहार 2005 मध्ये असाच पाइपांवरचं जस्त भट्टीत जाळताना आजारी पडला आणि गेला. त्याला फुप्फुसाचा जुना आजार होता हे खरं, पण अनुभव दांडगा असून उपयोग झाला नाही हेही खरं. दम लागत असेल तर थेट दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना 'जस्ताचा धूर' हे शब्द आवर्जून सांगा.

गुळाचं मात्र नाइलाजाने अर्धं मान्य करतो. लखनौच्या औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांचा 1994चा एक शोधनिबंध आहे : गूळ दिलेल्या उंदरांच्या फुप्फुसांतून धुळीचे कण बाहेर पडायला मदत झाली. पण ती धूळ होती कोळशाची आणि सिलिकाची. साचलेली धूळ हळूहळू निघणं वेगळं आणि काही तासांत चढणारा जस्ताचा ताप वेगळा. त्या निबंधावरून जीआय जाळायचा परवाना मिळत नाही.

मग करायचं काय? हवेच्या नळीला काळा एमएस (बिनमुलाम्याचा, साध्या लोखंडाचा) पाइप घ्या, तो जीआयपेक्षा स्वस्तच पडतो. ग्राइंडरने मुलामा काढू म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की पाइपला आतूनही जस्त असतं, तिथे चक्री पोचत नाही. जीआयशिवाय इलाज नसेल तर तुकडा पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर, गरज पडल्यास दोन रात्री, उघड्यावर बुडवून ठेवा. बुडबुडे थांबून पृष्ठभाग एकसारखा मळकट करडा झाला की खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा. ते बुडबुडे हायड्रोजनचे असतात, जवळ विडीसुद्धा पेटवू नका. पट्ट्या एकत्र बांधायलाही कुंपणाची जीआय तार नको, सेंटरिंगवाल्यांची काळी बाइंडिंग वायर चालते. जुन्या नटबोल्टांवर सोनेरी मुलामा असेल तर तो कॅडमियमचा असू शकतो, आणि त्याचा धूर जस्ताहून कितीतरी घातक. ते भट्टीत टाकूच नका.

आता टीएमटी. सळईच्या 'फे 500' या प्रतीतला 500 हा आकडा ताण सोसण्याचा आहे, धारेच्या कठीणपणाचा नाही. आयएस 1786 हे अशा सळयांचं भारतीय मानक उघडून बघा : फे 500 मध्ये कार्बन जास्तीत जास्त 0.30 टक्के, फे 500डी मध्ये 0.25. धार टिकायला निदान अर्धा टक्का तरी हवा. शिवाय सळईची मजबुती येते कारखान्यात गरम सळईवर पाण्याचा मारा करून : बाहेरची साल कडक, गाभा मऊ. तुम्ही ती भट्टीत लाल केलीत की ती साल गेली, उरलं साधं लोखंड. हुक, मेखा, विस्तव ओढायची सळी, सांडशीचे दांडे यांना टीएमटी झकास. कोयत्याला नाही. शंका असेल तर टोक लाल करून पाण्यात विझवा आणि त्यावर कानस चालवा. कानस घसरली तर पोलाद, चावली तर पुढचे कष्ट वाचवा.

पाटा योग्य, पण त्याला थंड पाणी नको. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या पाट्यांचं पोलाद ईएन 45 जातीचं, म्हणजे सिलिकॉन-मँगनीजवालं. ते तेलात कडक होतं. पाण्यात 'टिंग' असा बारीक आवाज आला की समजा, धारेला चीर गेली. गावचे लोहार पाणीच पाजतात, हा युक्तिवाद येणारच. ते पूर्ण पातं बुडवत नाहीत. धारेचा बोटभर भाग क्षणभर बुडवून बाहेर काढतात आणि पाठीची धग धारेकडे येऊ देतात. ते डोळ्यांचं काम आहे, फॉरवर्डने येत नाही. नवख्याने पातं तापवत चुंबक लावून बघावा. चुंबक धरेनासा झाला (770 अंशांच्या आसपास) की आणखी थोडं, 850-870पर्यंत तापवावं आणि 50-60 अंशांना कोमट केलेल्या तेलात सरळ, पूर्ण बुडवावं. अर्धवट बुडालं की तेलाचा पृष्ठभाग पेट घेतो. म्हणून भांडं लोखंडी, झाकण हाताशी, आणि पेटलं तर पाणी अजिबात ओतायचं नाही. नंतर सुरीला 200-220 अंशांना, कोयत्याला 250-280ला तासभर, दोनदा शेक, म्हणजे कडक झालेलं पातं पुन्हा मंद तापवायचं. हा शेक चुकवला तर पातं पहिल्याच गाठीवर तुटतं.

दमास्कसचं ऐकून हसू येतं. दहा घड्यांत 1024 थर होतात, हजार घड्या कुणी मोजल्या? एकाच पोलादाच्या घड्यांत नक्षी जवळपास दिसतच नाही, आणि प्रत्येक तापात थोडं लोखंड पापुद्रा होऊन गळतं ते वेगळंच. दमास्कसच्या जुन्या पात्यांशी ज्याचं नाव जोडलं जातं ते तेलंगणातल्या कोनसमुद्रमसारख्या गावांतलं पोलाद मुशीत वितळवून होत असे, घड्या घालून नव्हे, आणि ते परदेशी जात होतं हा अभिमान रास्तच. त्यातली नक्षी कार्बाइडच्या (लोखंड-कार्बनच्या संयुगाच्या) पट्ट्यांची. अशा पट्ट्या जुळण्यामागे व्हॅनेडियमसारख्या धातूंचे अंश असतात, हे धातुशास्त्रज्ञ व्हरहोव्हेन आणि पाती घडवणारे लोहार पेंड्रे यांनी 1998 मध्ये मांडलं.

सिमेंटच्या तळात पाणी धरलेलं असतं. तापलं की त्याची वाफ होते आणि ढलप्या उडतात, थेट डोळ्यांच्या उंचीला. फायर ब्रिक किंवा चिकणमाती वापरा, आणि मातीही पूर्ण वाळल्यावरच पेटवा. दोन्ही टोकं बंद असलेला पाइपही भट्टीत कधीच नको, आणि पोकळ पाइप उभा पाण्यात विझवताना वरच्या तोंडावर हात नको, उकळतं पाणी तिथूनच उसळतं.

राहिली लाली. उजेडात काळं दिसणारं लोखंड 400 अंशांवरही असू शकतं. तळव्याने पकडण्याआधी हाताची मागची बाजू जवळ नेऊन धग बघा, आणि ऐरणीवर ठेवलेला तुकडा दुसऱ्या कुणी उचलायच्या आत त्यावर खडूने 'गरम' लिहा.