‘एक नाशिककर’ यांना उत्तर: प्रवाळ लावणारे हात आणि मोडणारे फिन

नमस्कार. स्कूबा करणारे स्वयंसेवक प्रवाळभित्ती पुन्हा उभी करायला कशी मदत करतात, या आमच्या लेखावर तुम्ही ‘एक नाशिककर’ या नावाने चार आक्षेप घेतलेत. हौशी लोक फोटोसाठी जातात आणि लावतात त्याहून जास्त मोडतात. समुद्र तापला की लावलेलं सगळं मरतं (फ्लोरिडात पाणी 38 अंशांवर गेलं, असा दाखलाही तुम्ही दिलात), म्हणजे खर्च अक्षरशः पाण्यात. नायलॉनचे टाय (बांधायच्या पट्ट्या) आणि पीव्हीसीचे पाइप टाकून कसला समुद्र वाचवता. आणि समुद्र नसलेल्या नाशिकने आधी गोदावरीकडे बघावं. पहिले दोन बरेचसे मान्य आहेत. म्हणूनच उत्तर लांबणार आहे.

आधी उष्णतेचं. एखाद्या जागेच्या सगळ्यात गरम महिन्याची जी सरासरी, तिच्यावर एक अंश पाणी चढलं की प्रवाळ आपल्या पेशींतलं शैवाल बाहेर टाकायला लागतं आणि पांढरं पडतं. किती अंश जास्त आणि किती आठवडे, याची बेरीज ‘अंश-आठवडे’ म्हणून मोजतात. 4 झाले की विरंजन, म्हणजे हे पांढरं पडणं, दिसतं, 8 झाले की मरतुक सुरू. 2023 च्या उष्णतेनंतर अमेरिकेच्या ‘नोआ’ या समुद्र-हवामान संस्थेला आपल्या इशाऱ्याच्या पट्टीवर तीन नव्या पायऱ्या जोडाव्या लागल्या, कारण जुनी पट्टी 8 च्या पुढे काही सांगतच नव्हती. त्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या फ्लोरिडा कीज या बेटमालिकेतलं फांद्यांचं प्रवाळ, हाताने लावलेलं धरून, जवळजवळ सगळं गेलं. तुम्ही दिलेला 38 अंशांचा आकडा मात्र मॅनाटी बे या उथळ, गढूळ खाडीतला आहे, भित्तीवरचा नाही. भित्तीवर 32 सुद्धा पुरले.

उरलं काय? जे वेळेत जमिनीवरच्या टाक्यांत हलवलं ते. आणि हलवता आलं, कारण कोणता तुकडा कोणत्या मूळ वसाहतीचा याची नोंद टॅगसकट होती. घाईत सगळं उचलता येत नाही, प्रत्येक वाणाचं थोडं थोडं उचलावं लागतं. दिंडोरी-पिंपळगावच्या द्राक्षवाल्याला हे सांगायला नको: अख्खी बाग एकाच वाणाच्या काड्यांची असेल तर भुरी रोग वेलोवेल फिरतो. प्रवाळात याहून एक अडचण जास्त. एकाच वसाहतीचे हजार तुकडे लावले तरी त्यांची अंडी आणि शुक्राणू सहसा एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणजे दिसायला भित्ती, वंश पुढे शून्य. टॅग न लावता केलेली लागवड आमच्या मते करूच नये, मग फोटो कितीही छान येवोत.

जागेचंही तसंच. जिथे भित्ती मेली त्याचं कारण अजून तिथेच बसलंय, तिथे लावून उपयोग नाही. इंडोनेशियात सुलावेसीजवळच्या बेटांवर सुरुंगाने मासेमारी व्हायची. ती थांबली तरी भित्ती आपोआप परतली नाही, कारण तळाशी प्रवाळाचा चुरा लाटेबरोबर लोळत राहतो आणि त्यावर बसलेलं पिल्लू चिरडलं जातं. तिथे लोखंडी सळीच्या षट्कोनी चौकटी, वाळूचा लेप देऊन, एकमेकींना बांधून चुऱ्यावर जाळ्यासारख्या पसरल्या. एका चौकटीवर साधारण 15 तुकडे. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार चार वर्षांत तिथली वाढ शेजारच्या निरोगी भित्तीच्या बरोबरीला आली. पण तिथे मुख्यतः फांद्यांचं प्रवाळ आहे, कारण लावलं तेच. गोटाकार जाती अजून मागे आहेत, आणि फांद्यांचं प्रवाळच उष्णतेला आधी बळी पडतं. ही बाजूही सांगायला हवी.

आता स्वयंसेवकाचं खरं काम. लावणं हा त्यातला छोटा भाग आहे. बाग लावायला दोन दिवस लागतात, छाटणी-विरळणी वर्षभर, तसंच. पाण्यातली रोपवाटिका म्हणजे पीव्हीसीचं खोड, फायबरग्लासच्या आडव्या काड्या, खाली नांगर, वर फुगा. काड्यांना मासेमारीच्या दोऱ्याने बोटाएवढे तुकडे टांगलेले. अधांतरी असल्यामुळे गाळ साचत नाही आणि गोगलगायी सहसा चढत नाहीत. पण दोरा, काडी, खोड या सगळ्यावर शेवाळ आणि हायड्रॉइड, आगप्रवाळ असे चिकटून वाढणारे जीव चढतात आणि ते थेट तुकड्यावर सरकतात. ते घासायचे. खोड तारेच्या ब्रशने, वरून खाली, म्हणजे निघालेला मळ आधीच साफ केलेल्यावर बसत नाही. तुकड्याच्या जवळचा शेवटचा सेंटीमीटर दात घासायच्या ब्रशने, आणि जिवंत उतीला ब्रश लावायचाच नाही. ड्रुपेला नावाची गोगलगाय दिसली तर चिमट्याने काढायची. तिची खूण म्हणजे फांदीच्या बुडाशी खरवडल्यासारखी पांढरी पट्टी. कंटाळवाणं काम आहे. नेमकं म्हणूनच पगारी शास्त्रज्ञाचे तास त्यात घालवणं परवडत नाही.

तुकडे सहा ते नऊ महिन्यांत लावणीला येतात. लावताना दगड हातोडीने आणि ब्रशने अगदी उघडा करायचा. शेवाळाचा पापुद्रा राहिला तर एम-सीलसारखी दोन भागांची इपॉक्सी त्या पापुद्र्याला चिकटते, दगडाला नाही, आणि आठवड्यात सगळं सुटून येतं. इपॉक्सीचे लिंबाएवढे तीन गोळे, तुकड्याचे तीन पाय त्यांत दाबलेले. ती कडक व्हायला काही तास लागतात, म्हणून उधाणाच्या दिवशी लावणी नको. टायने बांधायचं असेल तर हलवून बघायचं. जो हलतो तो मरतो, कारण घासून उती जाते आणि त्या जखमेवर शेवाळ बसतं. मूळ वसाहतीतून तुकडे घेताना तिच्या दहा टक्क्यांवर जायचं नाही.

तुमचा मोडतोडीचा आक्षेप इथे लागू होतो. नवखे मोडतात, आणि बहुतेक वेळा बुडीच्या शेवटी मोडतात. हिशेब बघा. आठ मीटरवर दाब 1.8 बार, म्हणजे पृष्ठभागाच्या साधारण 1.8 पट. पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर हवा घेणारा माणूस तिथे 36 लिटर घेतो. 11 लिटरचा सिलिंडर 200 बार भरून 50 राखीव ठेवले तर 1650 लिटर, म्हणजे 45 मिनिटं. या वापरलेल्या हवेचं वजन जवळपास दोन किलो असतं. तेवढा हलका झालेला माणूस वर जायला लागतो, खाली राहण्यासाठी पाय मारतो, आणि पायातला फिन (वल्ह्यासारखा रबरी पंजा) फांदीवर बसतो. म्हणून कमरेचं वजन भरल्या सिलिंडरवर ठरवायचं नाही, 50 बारवर ठरवायचं. पाय वर-खाली न मारता बेडकासारखे मारायचे. आमची कसोटी अशी: तळापासून एक मीटर वर, हात न मारता, पाच मिनिटं एका जागी राहून टाय बांधता आणि कापता आला पाहिजे. ज्याला येत नाही त्याने रोपवाटिकेच्या जवळ जाऊ नये. फोटोवाल्यांचा बंदोबस्त सोपा आहे: पहिल्या दिवशी कॅमेरा बोटीत.

प्लास्टिकबद्दल तुमचं बरोबर आहे. टायची कापलेली शेपटी जाळीच्या पिशवीत परत आलीच पाहिजे. ती मोजून घेतात, किती टाय नेले तितक्या शेपट्या. बांधलेल्या टायवर प्रवाळ वाढून तो आत गाडला जातो, पण तुकडा मेला तर टाय मागे उरतो. ग्रेट बॅरियर रीफवर 2018 पासून टायऐवजी खिळ्याने ठोकायची स्प्रिंगची चिमटी वापरतात. तिला इपॉक्सीही लागत नाही.

मग मालवणला जाऊन लावणी करायची का? नाही. कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या रांगेत. मेलेला तुकडा उचलून शोकेसमध्ये ठेवणंही त्यात येतं. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासून आहे. तिथे वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय हात लावायचा नाही. शिवाय तिथे पोराइटीस, फेव्हाइटीससारखं खडकाला धरून वाढणारं प्रवाळ जास्त. त्याला टांगायची रोपवाटिका चालत नाही. हिऱ्याच्या पात्याच्या करवतीने सेंटीमीटरभराचे काप करून चकत्यांवर वाढवावे लागतात, म्हणजे प्रयोगशाळा आली. आणि जून ते सप्टेंबर समुद्र बंद. चार महिने कोणी न घासता, गढूळ पाण्यात आणि लाटांत जी रोपवाटिका टिकेल, तीच कोकणात चालेल. फ्लोरिडाचे व्हिडिओ बघून आराखडे करणारे हे विसरतात.

तिथे स्वयंसेवकाने लावू नये, प्रवाळाचा रंग किती उतरला ते मोजावं. क्वीन्सलंड विद्यापीठाचा रंगतक्ता मिळतो, 1 ते 6 छटांचा. प्रत्येक वसाहतीची सगळ्यात फिकी आणि सगळ्यात गडद जागा जुळवून आकडा पाटीवर लिहायचा. तोही पाण्यातच, कारण खोलीवर लाल रंग नाहीसा होतो आणि नुसत्या फोटोवरून छटा चुकते. दोन छटा उतरल्या की वनखात्याला कळवायचं. अडकलेलं जाळं दिसलं तर ओढायचं नाही, कात्रीने तुकडे करत सोडवायचं. ज्या भागावर प्रवाळ वाढलंय तो तसाच ठेवायचा.

राहिली गोदावरी. ती बंगालच्या उपसागराला मिळते, आणि तिच्या गाळामुळे मुखाशी प्रवाळ नाही, त्यामुळे तिचा आणि भित्तीचा संबंध जोडून उत्तर देणं लबाडी होईल. तिच्यातल्या पाणवेली काढायला स्कूबा लागत नाही, गुडघाभर बूट लागतात. दोन्ही कामं एकाच माणसाला करता येतात.

नाशिककर असण्याचे दोन तोटे मात्र खरे आहेत. तरण तलावात जुळवलेलं वजन समुद्रात कमी पडतं: खारं पाणी अडीच टक्के जड, म्हणजे सामानासह 90 किलोच्या माणसाला सव्वादोन किलो जास्त. दुसरं, आपलं शहर सुमारे 600 मीटर उंचीवर आहे आणि वाटेत घाट. लागोपाठ बुड्या मारल्यावर विमानासाठी 18 तास थांबायचा नियम आहे (उंचीवर दाब कमी होऊन अंगात वायूचे बुडबुडे होऊ नयेत म्हणून), आणि केबिनमधला दाब साधारण 600 मीटर उंचीइतका असला तरी तो लागू होतो. त्यामुळे रविवारी दुपारी शेवटची बुडी आणि रात्रीच्या गाडीने आंबोली, हे करू नका. शेवटची बुडी शनिवारी दोनला संपवा, निघा रविवारी सकाळी आठनंतर.