पेन्सिलीला 97 आणि पोटलीत ऑक्सिजन : एका फिरत्या मजकुराचा समाचार

‘महामारी नव्हे, बनवाबनवी’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मजकूर सध्या नाशिकच्या ग्रुपांवरून फिरतोय. सिंहस्थ जवळ आलाय, आता पुन्हा घाबरवतील, तेव्हा आधीच शहाणे व्हा, अशी त्याची सुरुवात. पुढे मुद्दे : कोविड हा साधा सर्दी-ताप होता, 99 टक्के लोक आपोआप बरे झाले, बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर पेन्सिलीलाही 97 दाखवतो, ऑक्सिजन कापूर-ओव्याच्या पोटलीने वाढतो, दवाखान्यातल्या ऑक्सिजनने फुफ्फुसं जाळली, रेमडेसिविरचं इंजेक्शन ही लुबाडणूक होती, पपई पॉझिटिव्ह आली, लशीने हार्ट अटॅक येतात. एरवी डिलीट करून विषय संपला असता. पण हे आत्याच्या भिशीच्या ग्रुपवर पोहोचलं आणि दम्याच्या पेशंट असलेल्या आत्याने पंप कपाटात ठेवून पोटली हुंगायला घेतली. त्यामुळे आता बोलणं भाग आहे.

आधी पेन्सिल. व्हिडिओ खरा असू शकतो, पण त्यातून काढलेला अर्थ चुकीचा आहे. ऑक्सिमीटरच्या चिमट्यात एका बाजूला दोन दिवे असतात : एक लाल, 660 नॅनोमीटरचा, दुसरा डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड, 940 चा. समोर सेन्सर. ऑक्सिजन भरलेलं रक्त लाल प्रकाश जास्त जाऊ देतं, ऑक्सिजन कमी असलेलं रक्त तो अडवतं. नाडीच्या ठोक्याबरोबर प्रकाशात जी थरथर होते, तिचं दोन्ही रंगांतलं गुणोत्तर काढून यंत्र आकडा सांगतं. पेन्सिलीत रक्त नाही, पण हात हलतो, ट्यूबलाइट लुकलुकते, म्हणजे थरथर मिळतेच. दोन्ही रंगांत ती सारखी असेल तर हिशेब 85 च्या आसपास येतो, कमी-जास्त असेल तर दुसरं काहीतरी. चांगलं यंत्र ‘बोट नाही’ म्हणून गप्प बसतं, स्वस्तातलं यंत्र आकडा दाखवून मोकळं होतं. वजनकाट्यावर वीट ठेवली तर तो विटेचं वजन दाखवेल. म्हणून माणसाचं वजन खोटं ठरत नाही.

आकडा खरा की खोटा, हे घरी तपासता येतं. पाच मिनिटं शांत बसा. नेलपॉलिश, मेंदी नसलेलं मधलं बोट किंवा तर्जनी घ्या, बोट गार असेल तर चोळून गरम करा, हात छातीच्या उंचीवर टेकवून स्थिर ठेवा. पहिला आकडा सोडून द्या. अर्धा-एक मिनिट थांबून स्थिरावलेला धरा. यंत्रावर नाडीचा जो आकडा येतो, तो मनगटाची नाडी मिनिटभर मोजून ताडून पाहा. दोन्ही जुळले तरच ऑक्सिजनच्या आकड्यावर विश्वास ठेवा. पेन्सिलीची नाडी कोणी मोजून दाखवली तर कळवा.

यंत्र चुकतं, हे मान्यच आहे. दोन-तीन अंकांची चूक नेहमीची, आणि 70 च्या खालच्या आकड्यांना फारसा अर्थ नसतो. सावळ्या त्वचेवर तर हे यंत्र आकडा प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवू शकतं, हे 2020 मध्येच छापून आलं होतं. जास्त, कमी नव्हे. म्हणजे त्याची ही खोड घाबरवणारी नाही, उलट आजारी माणसाला ‘ठीक आहे’ सांगणारी आहे. मजकूर लिहिणाऱ्याने नेमकी दिशाच उलटी धरली आहे. कोविडमध्ये धाप न लागताही ऑक्सिजन घसरतो, म्हणून सहा मिनिटं घरात चालून पुन्हा मोजायला सांगत होते. चालल्यावर आकडा 93 च्या खाली गेला किंवा आधीपेक्षा तीन अंकांनी उतरला, तर दवाखाना. (साठीच्या पुढच्यांना तीन मिनिटं पुरेत, दमेकऱ्यांनी ही चाचणी करायची नाही.)

आता पोटली. सगळ्यात संतापजनक मुद्दा हाच. कापूर, लवंग, ओवा, वर निलगिरीचे थेंब. हुंगलं की ऑक्सिजन वाढतो, लडाखला पर्यटकांना हेच देतात म्हणे. हुंगल्यावर नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, हे खरं. कापूर नाकातल्या गारवा ओळखणाऱ्या नसांना चाळवतो, मेंदूला वाटतं हवा भरपूर येतेय. प्रत्यक्षात हवा तेवढीच आणि तिच्यात ऑक्सिजनही तेवढाच, 21 टक्के. नाकातल्या नळीने मिनिटाला दोन लिटर ऑक्सिजन दिला की आत जाणाऱ्या हवेतलं प्रमाण साधारण 28 टक्क्यांवर जातं, पाच लिटरने 40 च्या आसपास. पोटलीने 21 चे 21 च राहतात. फुफ्फुसात सूज आणि पाणी असेल तर अडचण नाकात नसतेच, त्यामुळे नाक कितीही मोकळं झालं तरी रक्तात काही पोहोचत नाही. बरं वाटतं आणि दवाखान्यात जायला उशीर होतो, खरं नुकसान ते.

दम्यात प्रकार आणखी वाईट. उग्र वासाने काहींच्या श्वासनलिका आवळतात, म्हणजे पोटलीच झटका आणू शकते. आणि घरात नातवंडं असतील तर कापूर उघडा ठेवूच नका. वड्या पोटात गेल्या तर मुलाला अर्ध्या-एक तासात आकडी येऊ शकते. मुलाने कापूर खाल्ला तर उलटी काढायच्या भानगडीत न पडता, उरलेला कापूर बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठायचा. पोटली देवघरात ठेवायची तर ठेवा, पंपाच्या जागी नको.

‘ऑक्सिजनने फुफ्फुसं जाळली’ हे नाशिककरांनी फॉरवर्ड करावं, याची कमाल वाटते. 21 एप्रिल 2021 ला डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात टाकीतून द्रवरूप ऑक्सिजनची गळती झाली, पाइपातला दाब पडला आणि त्याच दिवशी 22 रुग्ण दगावले. ऑक्सिजन लावल्याने नव्हे, तो बंद पडल्याने. या मुद्द्यातही अर्धसत्य आहे : खूप जास्त प्रमाणात, दिवसेंदिवस दिलेला ऑक्सिजन फुफ्फुसांना इजा करतो. म्हणूनच डॉक्टर 100 चा हट्ट धरत नाहीत, ऑक्सिमीटरचा आकडा 92 ते 96 वर आणून ऑक्सिजन कमी करतात. त्या एप्रिलमध्ये तर उधळायला ऑक्सिजन होताच कुठे? जम्बो सिलिंडरमध्ये सात हजार लिटर. मिनिटाला दहा लिटर लागणाऱ्या एका पेशंटला तो बारा तासही पुरत नाही.

99 टक्क्यांचं गणित लिहिणाऱ्याने स्वतः करून पाहिलेलं नाही. 2011 च्या जनगणनेत नाशिक जिल्हा 61 लाखांचा. त्याचा एक टक्का 61 हजार होतो. शिवाय हा टक्का सगळ्यांना सारखा वाटलेला नसतो, मुलांत नगण्य आणि सत्तरीपुढे कितीतरी पट. ‘मेले ते कशानेही मेले असते’ म्हणणाऱ्यांसाठी सरकारचीच नागरी नोंदणी पाहा, तिच्यात कारणाचा वादच नाही, फक्त मृत्यूची नोंद. देशात 2019 मध्ये 76.4 लाख, 2020 मध्ये 81.2 लाख, 2021 मध्ये 102.2 लाख. नोंदणी सुधारली म्हणून आकडा फुगला, असं म्हणायची सोय आहे. मग 2022 मध्ये तो 86.5 लाखांवर कसा उतरला? एका वर्षात नोंदणी बिघडली की काय?

रेमडेसिविरबद्दल मात्र मजकुराला थोडं द्यावं लागेल. त्याने मृत्यू टळत असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत ऑक्टोबर 2020 मध्ये दिसलं नव्हतं, तरी पुढच्या एप्रिलमध्ये लोक त्यासाठी मेडिकलपुढे रांगा लावून उभे होते. काही खासगी दवाखान्यांनी बिलंही अवाच्या सवा लावली, सरकारने साध्या खाटेला दिवसाला 4,000 आणि व्हेंटिलेटरला 9,000 असा दर ठरवून दिलेला असताना. पण एक औषध अपेक्षेइतकं उपयोगी निघालं नाही म्हणून आजार खोटा ठरत नाही. त्याच काळात डेक्सामेथासोन हे स्वस्तातलं स्टेरॉइड, रोज सहा मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस, व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचे मृत्यू एक तृतीयांशाने कमी करत होतं. ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना मात्र त्याचा फायदा नव्हता. तरी काहींनी ते पहिल्या दिवसापासून घेतलं, त्यात शुगर वाढली आणि म्युकरला, म्हणजे काळ्या बुरशीच्या आजाराला, वाट मिळाली.

पपईची गोष्ट टांझानियाच्या तेव्हाच्या अध्यक्षांची, मे 2020 मधली : पपईचा नमुना कोविड चाचणीला पाठवला आणि तो पॉझिटिव्ह आला, असा त्यांचा दावा. त्यानंतर त्या देशाने रुग्णांचे आकडे देणंच थांबवलं. आरटीपीसीआर बरं झाल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते, एवढं खरं.

राहिला हार्ट अटॅक. ‘आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) मान्य केलं’ असं मजकुरात आहे. आयसीएमआरचा 47 रुग्णालयांतला, 18 ते 45 वयाच्या लोकांच्या अचानक मृत्यूंचा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लशीने धोका वाढल्याचं आढळलं नाही. वाढलेला आढळला तो कोविडमुळे दवाखान्यात राहावं लागलेल्यांत, घरात अशा मृत्यूचा इतिहास असलेल्यांत आणि आदल्या दोन दिवसांत भरपूर दारू किंवा अंगमेहनतीचा अतिरेक झालेल्यांत.