वेगळी चूल मांडायची तर

19 जून 2009. शुक्रवार होता. सकाळी उठल्या उठल्या बातमी वाचली आणि दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. आदल्या रात्री इंग्लंडमध्ये एनस्टोनला, म्हणजे रेनॉच्या कारखान्यात, फॉर्म्युला वन या मोटार शर्यतींतल्या आठ टीमची बैठक झाली होती आणि मध्यरात्रीनंतर त्यांनी जाहीर करून टाकलं होतं : पुढच्या वर्षी आम्ही फॉर्म्युला वनमध्ये नाही, आमची स्वतःची चॅम्पियनशिप काढतोय. फेरारी, मॅक्लारेन, बीएमडब्ल्यू, रेनॉ, टोयोटा, रेड बुल, टोरो रोसो आणि त्या वर्षी सगळ्यांना धुऊन काढणारी ब्रॉन. मागे उरल्या फक्त विल्यम्स आणि फोर्स इंडिया.

संध्याकाळी कट्ट्यावर पोचलो तर संत्या आधीच उभा राहून बोलत होता. तो उभा राहिला की समजायचं, आज लवकर घरी जाणं नाही.

"बरं झालं," तो म्हणत होता. "एकदाचं तुटू दे. तो मोझली, जागतिक मोटार संघटनेचा अध्यक्ष, सरळ दोन नियमपुस्तकं काढतो म्हणजे काय? 4 कोटी पौंडांत वर्ष भागवाल तर विंग हलवायची मुभा, इंजिनाला 18,000 आरपीएमची अट नाही, हंगामाबाहेर टेस्टिंग हवं तेवढं. आणि नाही भागवलंत तर हे सगळं बंद. एकाच शर्यतीत दोन जातीच्या गाड्या! मग जिंकला तो कोण म्हणायचा?"

मी त्याच्याच बाजूनं होतो, हे आधीच सांगतो. लहानपणापासून लाल गाडीवर जीव. फेरारी जाणार असेल तर माझ्या मते फॉर्म्युला वनच फेरारीबरोबर जाणार होती. उरेल त्याला नाव काहीही देवोत. मी म्हटलं, "नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही. कोर्टात जाऊन पाहिलं त्यांनी. 20 मे रोजी पॅरिसच्या कोर्टानं मनाई हुकूम द्यायला नकार दिला. मग दुसरं काय करायचं?"

"सह्या," मृणाल म्हणाली. "विल्यम्सनं केली तशी सही करायची."

मृणाल हिशेबाच्या कामातली. शर्यत बघताना ती लॅपटाइमच्या वहीत आकडे लिहिते आणि त्या आकड्यांवरून तिचा माणसांवरचा विश्वास ठरतो.

"विल्यम्सनं गद्दारी केली," संत्या म्हणाला. "टीमच्या गटातून, फोटामधून, निलंबित केलं ते उगाच नाही."

"विल्यम्सचा धंदा काय आहे रे?"

"म्हणजे?"

"सरळ प्रश्न आहे. टोयोटा काय विकते? गाड्या. बीएमडब्ल्यू? गाड्या. रेनॉ? गाड्या. रेड बुल? डबाबंद पेय. विल्यम्स काय विकते? विल्यम्स रेसिंग करते, बस. रविवारी शर्यत नसेल तर सोमवारी त्यांच्याकडे करायला काम नाही. त्यांनी सही केली कारण त्यांना दुसरीकडे जायला जागाच नाही. आणि ज्यांना उद्या कंपनीच्या संचालकांनी एका ठरावात घरी बोलावलं तरी चालतं, ते मला खेळाचं भवितव्य शिकवणार? आयजीच्या जिवावर बायजी उदार!"

मला राग आला. होंडाचं उदाहरण तिला मिळालेलंच होतं. डिसेंबर 2008 मध्ये मंदी येताच होंडानं एका झटक्यात गाशा गुंडाळला होता, आणि त्याच कारखान्यातून, त्याच लोकांनी उभी केलेली ब्रॉन आता पहिल्या 7 पैकी 6 शर्यती आपल्या ड्रायव्हरच्या, बटनच्या, हातून जिंकून बसली होती. पण मी म्हटलं, ब्रॉनसुद्धा या आठांतच आहे ना? स्वतःची कार कंपनी नसलेली टीम. तिला का वाटतंय जावंसं?

यावर मृणाल थोडा वेळ गप्प बसली. ती उत्तर नसताना उत्तर देत नाही, हा तिचा मोठेपणा.

मंदारनं मग पैशाचा विषय काढला आणि तिथे मात्र आमचं सगळ्यांचं जुळलं. भांडण नुसतं 4 कोटींचं नव्हतंच. त्या मर्यादेत ड्रायव्हरचा पगार धरलेला नव्हता, जाहिरात-पाहुणचाराचा खर्च नव्हता, 2010 पुरता तर इंजिनाचाही नव्हता. बसवायचंच असतं तर काहीतरी मधला आकडा बसवता आला असता. खरं दुखणं दुसरीकडे. संघटनेनं या खेळाचे व्यापारी हक्क शंभर वर्षांसाठी या खेळाचा धंदा बघणाऱ्या एक्लस्टनच्या कंपनीला देऊन टाकलेले, साधारण 30 कोटी डॉलर घेऊन. शंभर वर्षं! पुढे ती कंपनी सीव्हीसी नावाच्या गुंतवणूकदारांनी घेतली, आणि ती घ्यायला काढलेल्या कर्जाचा बोजा शेवटी याच खेळाच्या कमाईवर. गाड्या बनवणाऱ्या, पळवणाऱ्या सगळ्या टीमच्या वाट्याला मिळून साधारण निम्मा भाग.

"यात्रा भरवणारा एक आणि गल्ला मोजणारा दुसरा," मंदार म्हणाला. "आणि शर्यती जातात कुठे ते बघा. या वर्षी कॅनडा नाही, अमेरिका नाही, फ्रान्स नाही. अख्ख्या उत्तर अमेरिकेत एक शर्यत नाही. आणि इस्तंबूलला पंधरवड्यापूर्वी मोकळे स्टँड बघितलेत ना? आठ टीमनी ठरवलं तर माँट्रियल आहे, इंडियानापोलिस आहे, मान्यी-कूर आहे. सिल्व्हरस्टोनलाही पुढच्या वर्षी शर्यत नाही म्हणून सांगितलंय. ट्रॅकची ददात नाही."

"पॅकरचं आठव," संत्यानं लगेच उचललं. "1977 साली ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट बोर्डानं हक्क दिले नाहीत तर गड्यानं जगातले सगळे चांगले खेळाडू उचलले. दोन वर्षांत बोर्ड गुडघ्यावर. रात्रीचं क्रिकेट, रंगीत कपडे, सगळं तिथूनच आलं."

"पॅकरचं स्वतःचं टीव्ही चॅनल होतं," मृणाल म्हणाली. "आणि त्याला नवीन क्रिकेट काढायचंच नव्हतं, त्याला प्रक्षेपणाचे हक्क हवे होते. मिळाल्याबरोबर त्यानं दुकान बंद केलं. तुझ्या आठ टीमकडे चॅनल कुठाय?"

इतका वेळ अप्पा कडेला बसून ऐकत होते. अप्पा आमच्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठे. त्यांच्याकडे जुन्या रेसिंग मासिकांचे गठ्ठे आहेत आणि ते कुणाला हात लावू देत नाहीत. त्यांनी घसा खाकरला तसे सगळे थांबलो.

"तुम्ही हे पहिल्यांदा होतंय असं बोलताय," अप्पा म्हणाले. "1980 साली हेच झालं होतं. अगदी हेच. इकडे बालेस्त्र, संघटनेचा अध्यक्ष. तिकडे एक्लस्टन आणि ब्रिटिश टीम. हारामाची स्पॅनिश शर्यत झाली, पण तिचे गुण धरले नाहीत. वर्षाअखेरीस एक्लस्टनच्या लोकांनी वेगळी चॅम्पियनशिप जाहीर केली. 7 फेब्रुवारी 1981, क्यालामी, दक्षिण आफ्रिका. शर्यत घेऊनसुद्धा दाखवली. आणि एक्लस्टनच्या बाजूनं कायद्याचा कागद कोण लिहीत होतं, ठाऊक आहे?"

"कोण?"

"मॅक्स मोझली."

संत्या खाली बसला. अक्षरशः बसला.

"आणि फेरारी?" मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं असं वाटत होतं.

"फेरारी क्यालामीला गेलीच नाही. फेरारी, रेनॉ, अल्फा रोमिओ, सगळे संघटनेबरोबर घरी बसले. लाल गाडी नाही म्हटल्यावर त्या शर्यतीत दम राहिला नाही. पण दुसऱ्या बाजूलाही कळलं की या ब्रिटिश टीमशिवाय आपल्याकडे उरतंय काय. महिन्याभरात पॅरिसला करार. तोच तुमचा कॉन्कॉर्ड करार."

मग अप्पांनी जे सांगितलं ते मी आजवर विसरलेलो नाही. क्यालामीची ती शर्यत कार्लोस रॉयटेमाननं जिंकली, विल्यम्समधून. दुसरा आला पिके. समेट झाला तेव्हा त्या शर्यतीचे गुण धरायचे नाहीत असं ठरलं. आणि त्या वर्षाच्या शेवटी, लास व्हेगासच्या पार्किंगमध्ये आखलेल्या ट्रॅकवर, पिके 50 गुणांवर आणि रॉयटेमान 49 वर. एका गुणानं गेलं. क्यालामी धरली असती तर रॉयटेमान जगज्जेता होता. पुन्हा त्याला ती संधी मिळाली नाही. पुढच्या वर्षी दोन शर्यती करून त्यानं खेळच सोडला.

"भांडणारे दोघंही पुढे मोठे झाले," अप्पा म्हणाले. "बिल त्याच्या नावावर फाटलं."

आमच्यात थोडा वेळ कुणी बोललं नाही.

मी मात्र हट्ट सोडला नव्हता. म्हटलं, तेव्हा टीम दोन्हीकडे वाटल्या गेल्या होत्या. आज आठ एकत्र आहेत, हाच तर फरक. त्यावर मृणालनं 2005 काढलं. तेव्हाही कार कंपन्यांनी एकत्र येऊन वेगळ्या चॅम्पियनशिपची धमकी दिली होती, त्यातही फेरारी होती, आणि जानेवारी 2005 मध्ये बाकीच्यांना तसंच उभं ठेवून फेरारीनं एक्लस्टनबरोबर 2012 पर्यंतची सही केली. जास्तीचे पैसे घेऊन, आणि नियमांवर नकाराधिकारही घेऊन. "ज्या नकाराधिकाराच्या जोरावर ते परवा पॅरिसच्या कोर्टात गेले ना, तो त्याच सहीत मिळालेला," ती म्हणाली. "माझं फेरारीशी वैर नाही. पण ती ताणते, तुटू देत नाही. तिच्यामागे जो जातो तो तुटतो."

हे मला लागलं. कारण ते खरं होतं.

संत्यानं शेवटचा प्रयत्न केला : होऊ दे ना दोन चॅम्पियनशिप, प्रेक्षक ठरवतील चांगली कोणती. त्याला उत्तर द्यायला अमेरिकेचंच उदाहरण पुरे होतं आणि ते मंदारला तोंडपाठ. 1996 मध्ये इंडियानापोलिसच्या मालकांनी वेगळी लीग काढली, आणि इंडी 500 या तिथल्या मोठ्या शर्यतीतल्या 33 पैकी 25 जागा आपल्याच लीगच्या गाड्यांना राखून ठेवल्या. चिडलेल्या कार्टनं, म्हणजे जुन्या लीगनं, त्याच दिवशी, 26 मे रोजी, मिशिगनला स्वतःची 500 मैलांची शर्यत ठेवली. तिथे नामवंत ड्रायव्हर होते, पण इंडियानापोलिस नव्हतं. इथे इंडियानापोलिस होतं, पण नामवंत ड्रायव्हर नव्हते. मिशिगनला तर हिरवा झेंडा पडायच्या वेळीच डझनभर गाड्या एकमेकांवर आदळल्या. बारा वर्षं हे चाललं. 2008 मध्ये दोघं पुन्हा एक झाले तेव्हा प्रेक्षक कधीच नॅसकार या तिसऱ्याच शर्यतींकडे निघून गेले होते. प्रेक्षकानं चांगली चॅम्पियनशिप निवडली नाही, त्यानं दोन्हींकडे पाठ फिरवली.

मला वाटतं, चॅम्पियनशिप म्हणजे ती एक यादी असते. 1950 पासूनची, एकाखाली एक नावं. फँजिओच्या यादीत नाव लागावं म्हणून पोरं गो-कार्टमध्ये बसतात. उद्या शुमाकरपेक्षा वेगवान माणूस आला आणि तो दुसऱ्याच यादीत असला, तर आपण भांडायचं तरी कशावरून? त्या रात्री पहिल्यांदाच मला दोन वर्ल्ड चॅम्पियन असलेलं जग डोळ्यांसमोर दिसलं आणि ते मला नको होतं. हे मी बोललो नाही. घरी जाताना मनात घोळत राहिलं.

उठता उठता मृणालनं विचारलं, "समेट होणार हे तर दिसतंयच. दोघांपैकी कुणालाच वेगळी चूल परवडत नाही. पण त्या तीन नव्या टीमचं काय?"

आदल्या आठवड्यात, 12 जूनला, संघटनेनं 2010 ची यादी काढली होती. त्यात काम्पोस, मॅनर आणि यूएस एफ-वन ही नवी नावं होती. 4 कोटींत भागेल या हिशेबावर अर्ज केलेली माणसं. आठ टीमच्या गर्जनेत आमच्यापैकी कुणी त्यांचा विचारच केला नव्हता.

रविवारी सिल्व्हरस्टोनला फेटेल जिंकला, वेबर दुसरा. बुधवारी, 24 जूनला, पॅरिसमध्ये समेट. मोझली ऑक्टोबरच्या निवडणुकीला उभा राहणार नाही, एकच चॅम्पियनशिप, एकच नियमपुस्तक, 4 कोटींची मर्यादा रद्द. त्याऐवजी खर्च दोन वर्षांत नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीइतका खाली आणायचं वचन. मी आनंदानं सगळ्यांना फोन केले. फेरारी राहिली होती.

29 जुलैला बीएमडब्ल्यूनं जाहीर केलं की हा हंगाम संपला की आम्ही बाहेर. तेव्हा एनस्टोनच्या त्या बैठकीला सहा आठवडेही झाले नव्हते. नोव्हेंबरमध्ये टोयोटा गेली. आठ हंगाम, 139 शर्यती आणि एकही विजय नाही. रेनॉनं आपल्या टीमचा मोठा हिस्सा विकला. ज्यांनी मध्यरात्री बसून खेळाचं भवितव्य आपल्या हातात घेतलं होतं त्यांतले तीन वर्षाअखेर दाराबाहेर किंवा उंबरठ्यावर. विल्यम्स पुढच्या मार्चमध्ये ग्रिडवर उभी होती. मोझलीची पद्धत मला तेव्हाही पटली नव्हती आणि आजही पटत नाही. असा नियम सांगायचा नसतो, बसून ठरवायचा असतो. पण खर्चाला लगाम हवा हे त्याचं म्हणणं बरोबर होतं आणि ते मान्य व्हायला 2021 उजाडलं. तोवर फ्रँक विल्यम्सच्या घरच्यांना टीम विकावी लागली होती.

नव्या तिघांपैकी यूएस एफ-वनची गाडी ट्रॅकवर आलीच नाही. काम्पोस मालक बदलून एचआरटी झाली आणि 2012 नंतर बंद पडली, एकही गुण न मिळवता. मॅनर आधी व्हर्जिन, मग मारुसिया अशी नावं बदलत तगली. 4 कोटींच्या हिशेबानं आलेली टीम, कित्येक पटींनी खर्च करणाऱ्यांच्या मागे, शेवटच्या रांगेत.

25 मे 2014, मोनॅको. त्यांचा पाचवा हंगाम. मारुसियाच्या ज्युल बियांकीनं रास्कासच्या वळणावर कामुई कोबायाशीच्या आत गाडी घातली, चाकं घासली, पण गेला पुढे. रेषा आठवा ओलांडली, पाच सेकंदांच्या दंडानं नववा झाला. 2 गुण. त्यांचे पहिले.

मी मृणालला फोन लावला. पलीकडे टीव्ही मोठ्यानं चालू होता आणि ती रडत होती.