समाजसेवेतली माझी चार बोटं

आमच्या सेवाभावी क्लबच्या शिबिराची बातमी कालच्या पेपरात आली. फोटोत माझी चार बोटं आहेत, बॅनरचं टोक धरलेली. उरलेला मी कापला गेलो. सकाळपासून खुर्च्या मी लावल्या, नावनोंदणीच्या रांगेतली भांडणं मी सोडवली आणि बातमीत काय, तर 'पदाधिकारी बहुसंख्येने उपस्थित होते'. असो. (माणूस असो म्हणतो तेव्हा ते डोक्यातून गेलेलं नसतं.)

शिबिर जवळच्या चष्म्यांचं होतं. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं, जवळची अक्षरं पुसट होतात; बहुतेकांचं काम साध्या प्लस नंबरवर भागतं. प्रमुख पाहुणे वेळेवर येत नसतात हे ओळखून तपासणीवाल्या मुलीने सरळ वाटप सुरू केलं. त्यामुळे पाहुणे उगवले तेव्हा निम्म्या लोकांच्या नाकावर चष्मे होते आणि फोटोग्राफरच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"आजी, तो चष्मा काढा जरा."

"का? माझाच आहे ना?"

"तुमचाच. पण साहेबांच्या हातून घ्यायचाय."

"मग मघाशी त्या पोरीच्या हातून घेतला तो काय खोटा?"

"तसं नाही. हा परत द्या, साहेब हाच देतील."

"दिलेलं परत मागतोस होय रे?"

शेवटी मी मध्ये पडलो. आजींनी चष्मा दिला, साहेबांनी तो आजींना दिला. मागून कोणीतरी आडवं गेलं म्हणून पुन्हा दिला. मग साहेबांचे डोळे मिटले म्हणून आणखी एकदा. अहवालात हे तीन लाभार्थी धरले असतील अशी मला दाट शंका आहे.

"आजी, कॅमेऱ्याकडे बघा!"

"कॅमेरा लांब आहे. पोरगी म्हणाली, यातनं जवळचंच बघायचं."

आणि खरोखरच त्या जवळचं बघू लागल्या. चष्म्याचं घर उलटंपालटं करून मोठ्याने वाचायला लागल्या: अध्यक्ष अमुक, सचिव तमुक, खजिनदार, प्रकल्पप्रमुख, सहप्रकल्पप्रमुख. साहेब चेहऱ्यावरचं हसू तसंच धरून उभे. "आणि नंबर कुठाय?"

"कोणाचा?"

"चष्म्याचा!"

तो कुठेच नव्हता. अध्यक्षांचं नाव मात्र बिनचष्म्याचंही वाचता येईल एवढं ठळक.

१९२५ साली अंध-बधिर लेखिका हेलन केलर यांनी लायन्स क्लबच्या अधिवेशनात अंधांसाठी लढायचं आवाहन केलं, तेव्हापासून ती मंडळी डोळ्यांचं काम धरून आहेत. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओ हातात घेतला आणि २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. मधल्या काळात त्यांच्याकडे दर वर्षी अध्यक्ष बदललेच की! पण काम तेच राहिलं. आमचा क्लब या दोन्हींतला नाही, आमचा स्वयंभू आहे. इथे अध्यक्ष बदलला की काम बदलतं. मागच्यांनी बसवलेला पाण्याचा कूलर बंद पडलाय, आणि विचारलं तर उत्तर मिळतं, "तो आमच्या कार्यकाळातला नाही." तहान कोणाच्या कार्यकाळात लागावी, याचाही ठराव करून टाका एकदा. कूलरवरची नावाची पाटी मात्र रोज पुसून लख्ख केली जाते, कारण माजी अध्यक्ष अजून सभेला येतात.

हे मी सभेत बोललो. "मुद्दा चांगला आहे, लेखी द्या," असं मिळालं.

निघताना आजींनी विचारलं, "ह्याचा स्क्रू ढिला झाला तर कोणाला सांगायचं?" घरावर पाच नावं, फोन एकाचाही नाही. मग मीच बॉलपेनने माझा नंबर सहप्रकल्पप्रमुखांच्या नावावरून लिहून दिला. तेवढीच जागा होती.

आज सकाळी फोन आला. स्क्रू पडलाय.

"येतो," म्हटलं.

"ये. पण एकटा ये हो, त्या फोटोवाल्याला आणू नकोस."